डोळे मिटा, वैनी

एका बाईच्या अंगात देवी येत नाही, हे गावाला पटवून देण्यासाठी मी तिला भर पालखीच्या दिवशी देवळाच्या मंडपात पाडली. पाडली म्हणजे ढकलली नाही. नुसतं "डोळे मिटा" म्हटलं. ती पडली, आणि देवी येते याबद्दल ज्या चार-दोन जणांना शंका होती त्यांचीही फिटली.

तेव्हा मी पंचविशीची होते. केस आखूड, चष्मा नवा, आणि डोक्यात शास्त्र एवढं काठोकाठ की मान हलवली तर सांडेल. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवीन, ताकाचा पेला हातात देईन आणि म्हणेन, "बाय, आधी हे पी. मग जग सुधार."

माझं माहेर आमोण्याचं. घरापुढून मांडवी, आणि मांडवीतून खनिज वाहणारी बार्जेस. शिकले फिजिओथेरपी, आणि नेमणूक झाली पेडण्याच्या बाजूच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात. माझ्या हुद्द्याचं नाव तिथे कुणाच्या तोंडात बसेना. आधी मला 'व्यायामाची डॉक्टरीण' म्हणत. मी डॉक्टर नाही, नाही, असं सांगून थकले. शेवटी लोकांनी माझं ऐकलं आणि 'डॉक्टरीण' गाळून टाकलं. मग बाकावर बसलेले एकमेकांना विचारत, "व्यायाम इलो काय रे?" तो व्यायाम म्हणजे मी.

इंदुवैनींना दवाखान्यात घेऊन आली त्यांची जाऊ, शेवंती. इंदुवैनी चाळिशीच्या, हडकुळ्या, बोलायला गरीब. त्यांचा नवरा बार्जीवर कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी. शेतीचं सगळं यांच्या अंगावर. आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या देवळात हात जोडून डोळे मिटले की कोसळत. उघड्या डोळ्यांनी कामं करत, बांधावरून जात, पायांकडे बघत बघत का होईना. पण देवीपुढे उभ्या राहिल्या की धाडकन खाली. गावात त्याला एकच नाव होतं: भार. गावची देवी सातेरी अंगावर येते.

आता ही माझी विद्या. आमच्या धंद्यात एक चाचणी आहे, तिला ना यंत्र लागत ना सुई. माणसाला पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचे. मात्र आपण अगदी शेजारी, हात पसरून उभं राहायचं. नीट बघितलंत तर देवापुढे माणूस उभा राहतो तसंच हे उभं राहणं. आमच्या पुस्तकात घंटा नव्हती एवढंच.

त्यातून कळतं काय? तोल म्हणजे काय ते मी खाणीच्या भाषेत सांगायची, आमच्या डिचोली तालुक्यात खाणीच खाणी, तिथल्या माणसाला तीच सुचते. शरीरात तीन खबरे असतात. एक डोळे. दुसरा कानाच्या आत, जिथे पातळीसारखं पाणी हलतं. तिसरा तळपाय आणि घोटे, खाली जमीन कशी आहे, पाऊल कुठे आहे ते वर कळवणारे. आणि तिघांचं ऐकून हुकूम सोडणारा मुकादम म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू. एक खबऱ्या आजारी पडला तर उरलेले दोघे निभावून नेतात. इंदुवैनींच्या पायांची खबर वर पोचतच नव्हती. त्यांच्या डोळ्यांना पायांचं काम करावं लागत होतं. डोळे मिटले की तो खबऱ्याही रजेवर, मग राहिलं काय? अंधारात, तोंड धुताना, डोक्यावरून पोलकं काढताना त्या अशाच पडत. पण न्हाणीत पडलेल्या बाईला कुणी नारळ देत नाही, म्हणून त्या पडण्याची बातमी होत नव्हती.

हे सगळं मी शेवंतीला समजावलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बाय, हय पडता तां येगळां. देवीसमोर पडता तां येगळां."

"पडणं एकच असतं."

"मगे थय येऊन दाखव."

दाखव म्हटल्यावर मी थांबणार? पालखीच्या दिवशी मंडप भरलेला. पुढे गावचे मानकरी आबा, बाजूला गुरव. मी इंदुवैनींना मधोमध उभं केलं आणि मोठ्याने म्हटलं, "वैनी, पाय जुळवा. हात जोडा. डोळे मिटा." आणि इथे माझी अक्कल बघा. त्यांच्या शेजारी उभं राहायचं सोडून मी लोकांकडे तोंड केलं. भाषण करायचं होतं ना. "मंडळी, आता तुम्ही बघाल..." एवढं बोलून झालं, आणि मंडळींनी बघितलं.

ढोल थांबला. मग एक म्हातारा नारळ घेऊन पुढे सरला आणि फरशीवर पडलेल्या इंदुवैनींना विचारू लागला, "माये, माझ्या झिलाक खाणीर नोकरी लागतली काय?" त्याच्यामागे आणखी दोघं.

"माका उठवा," इंदुवैनी म्हणाल्या.

कुणी उठवीना. भार असलेल्या माणसाला हात लावत नाहीत. मी धावले तर गुरवाने मला अडवलं. "हात लावू नको, बाय. देवी असा." त्या तशाच पडून. डोळे आता उघडे, आणि ते माझ्याकडे. ओठ हलले ते मलाच कळले. "बाय, माझां लुगडां सारखां कर."

गुरवाचा हात झिडकारून मी बसले आणि त्यांच्या पोटरीवरचं लुगडं खाली ओढलं. शास्त्र, भाषण, सगळं तिथेच सांडलं.

आबांनी जाताना निकाल दिला. देवीचं मन कळेपर्यंत इंदूने यंदा दिवज घ्यायचं नाही.

दिवज म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे थंडी सुरू होताना देवळांतून दिवजोत्सव होतो. दिवेलागणीला देवळाचे दिवे मालवतात, आणि सवाष्ण बायका हातात पाच वातींचं दिवज घेऊन, एकीमागून एक, अनवाणी देवळाला पाच फेऱ्या घालतात. लांबून बघितलं तर बाया दिसत नाहीत, नुसत्या ज्योती चालतात. इंदुवैनींचं दिवज सासूकडून आलेलं, पितळेचं. एका पावसाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बार्ज नदीच्या तोंडाशी कलंडली आणि तो पोहून वाचला. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गाठ: माझं दिवज फिरतं तोवर त्याची बार्ज तरंगते. त्या वर्षी दिवज फिरलं नाही. त्यांनी ते माळ्यावर ठेवलं आणि नवरा घरी येईपर्यंत रोज नदीकडे तोंड करून बसल्या. आणि हे माझ्यामुळे.

मला वाटलं आता ही बाई माझ्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. दिवजानंतरच्या आठवड्यातच आल्या. कदेलावर बसल्या, पदर सारखा केला. "बाय, तुका काय दाखवूचां होतां तां दाखवलंस मां? आता माका फुडल्या वर्षाक दिवजाक उभी कर."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काम सांगितलं.

मी त्यांना पणजीच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी एक लोखंडी काटा आपटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. काटा थरथरून गुणगुणत होता. "कळतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "काय कळूक होया?" वैनींनी विचारलं. मग डॉक्टरांनी जेवणाखाण्याची चौकशी सुरू केली, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं. बार्ज कलंडल्यापासून नवस म्हणून मासळी सोडलेली, अंडंसुद्धा. दूध लहानपणापासून नावडतं, चहा कोरा. इतक्या वर्षांत अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलं होतं, आणि त्याच्याविना पाठीच्या कण्यातून पायांची खबर वर नेणाऱ्या तारा झिजल्या होत्या. औषध म्हणून इंजेक्शनं. लालभडक रंगाची.

परत येताना बसमध्ये शेजारी बसलो. थिवी गेल्यावर वैनी म्हणाल्या, "म्हणजे नवसान पाय गेले."

"नवसाने नाही, वैनी. न खाल्ल्याने."

"तां येगळां खय?"

आधीची मी असते तर यावर अर्धा तास बोलले असते. पण मंडपातली फरशी आठवली. "ह्या इंजेक्शनात मासळी नाय मां?" त्यांनी विचारलं. मी पिशवीतून बाटली काढली, नाकाला लावली, मग त्यांच्या नाकाला लावली. पुढच्या बाकावरच्या माणसाने आम्हा दोघींकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

तो काळ भाषेच्या भांडणाचा. मराठी की कोकणी यावरून सभा, मोर्चे, मग रस्ते बंद. एका सकाळी बस अर्ध्यावर थांबली. पुढे रस्त्यावर झाड आडवं, पलीकडे पोरं उभी. माझ्या पिशवीत वैनींचं इंजेक्शन, आणि ते चुकवायचं नव्हतं. मी झाडावर चढायला लागले तर एकाने विचारलं, "बाय, तू आमची की तेंची?"

"मी इंदुवैनीची," मी म्हटलं. "तिला चालवायला चाललेय."

पोरगा तिच्याच वाड्यावरचा निघाला. त्याने हात देऊन मला झाडापलीकडे उतरवलं आणि वर आईच्या धाकाने बजावलं, "काकीक सांग, माझां नाव आवशीक सांगू नको." त्या दिवसांत मला नेहमी वाटे, पडताना माणूस जे 'आई गे' म्हणतो ते कुठल्या भाषेत, हे एकदा या सगळ्यांना विचारावं. विचारलं नाही. शहाणपण एव्हाना थोडं थोडं सुरू झालं होतं.

इंजेक्शनांनी तारा थोड्या सुधारतात, सगळ्या नाही. उरलेलं शिकवावं लागतं. पायांना नव्याने वळण लावायचं तर जमिनीवर पावलांच्या खुणा करून त्यांवर नेमकं पाऊल टाकायला लावतात. मी वैनींच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रांगोळीने छान पावलं काढली. दारापासून तुळशीपर्यंत. वैनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या हलेनात.

"चला ना."

"गौरीच्या पावलार पाय ठेवू?"

शेवंती ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "ठेव गो. मंडपात पडलस, आता खळ्यात पड. देवीक काय, खयय येता येता."

चतुर्थीच्या दिवसांत बायका गौरीला घरात आणतात ती याच पावलांनी, हे माझ्यासारख्या आमोण्याच्या मुलीला माहीत नव्हतं थोडंच? पण हातात रांगोळी आली आणि डोक्यात पुस्तक. मी पावलं पुसली आणि तांबड्या मातीच्या साध्या आडव्या रेघा ओढल्या. रेघेवर पाय ठेवायला देवीची हरकत नव्हती.

मग महिनोन् महिने ते चाललं. आधी पायांकडे बघून, मग समोर बघून. मग हातात दिव्याऐवजी पाण्याने भरलेली करवंटी. पाणी सांडलं की परत पहिल्यापासून. शेवंती ओसरीवरून म्हणे, "बार्ज इली, बाजूक व्हा." वैनी हसत, आणि हसल्या की पाणी सांडे. मी शेवंतीवर डोळे वटारले की ती म्हणे, "दिवजाच्या दिवशी कोण हसूचां नाय, असां लिवन घेतलंस काय?" तिचंही बरोबर होतं.

मध्ये एक मजा झाली. तेरेखोलहून भिकाजीमामा नावाचे होडीवाले यायचे. होडीत उभे राहून वल्हवणारा माणूस, पण खाटेवर कूस बदलली की घर गरगर फिरे. हा कानातल्या पाण्याचा दोष. "दर्यात माझो तोल कधी गेलो नाय," ते म्हणायचे, "पण बायलेच्या अंगान कूस वळवलंय काय घर फिरता." बायको बाजूलाच असायची. ती म्हणाली, "मगे तिकडे तोंड करून नीज. इतकी वर्सां काय केलस?" मी त्यांना रोज खाटेवर डावीकडे-उजवीकडे आडवं पडायचा व्यायाम दिला. घर फिरायचं थांबलं. त्यांनी खूश होऊन मला शिणाण्यांची, म्हणजे मोठ्या शिंपल्यांची, पिशवी आणून दिली.

आता वैनी चालू लागलेल्या, मामांचं घर थांबलेलं. मी पुन्हा फुगले. वाटलं, तोल गेलेल्या कुणालाही आपण उभं करू. मला जमिनीवर आणलं परसूने. परसू खानापूरकडचा गवंडी, इकडे बांधकामावर आलेला. फेंगडा चाले, जीभ जड, मुकादम रोज त्याचं तोंड हुंगे. दारूचा थेंब त्याने कधी घेतला नव्हता. त्याच्या डोक्यातला मुकादमच, तो लहान मेंदू, वाळत चालला होता. बापाचंही तसंच झालेलं. विटेकडे हात नेताना जवळ पोचेपर्यंत ठीक, आणि अगदी पोचता पोचता हात थरथर कापे. त्याने मला एकदा आपला ओळंबा दाखवला. दोरीला लटकलेला तो लोखंडी लोलक स्थिर. "बगा बाई," तो म्हणाला, "भिंत सरळ हाय. मीच वाकडा हाय." मी त्याला मनगटाला वजन बांधून काम करायला शिकवलं, त्यामुळे चार महिने बरे गेले. मग त्याला गावी परत जावं लागलं. जाताना तो ओळंबा मला देऊ लागला. मी घेतला नाही. घ्यायला हवा होता. कुणीतरी द्यायला आलं तर घ्यावं, हे मला फार उशिरा कळलं.

केंद्रशासित प्रदेशाचं घटक राज्य झालं त्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून वैनींकडे नेला. राज्यासाठी म्हणून त्यांनी अर्धा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. त्या दिवशी करवंटीतलं पाणी सांडलं नाही. पण खळ्यात लख्ख ऊन होतं. संध्याकाळी, अंधुक उजेडात, त्या अजून डुलत. आणि दिवज तर अंधारातच फिरतं.

पाऊस सरला तरी ते डुलणं जाईना. एका संध्याकाळी मी चिडले. त्या चालताना उजवा कोपर बाहेर काढत, म्हणून सारखा करा म्हणायला मी एका बोटाने कोपराला स्पर्श केला. आधार नाही हं, नुसतं बोट टेकवलं. डुलणं थांबलं. बोट काढलं, डुलल्या. टेकवलं, थांबल्या. माझ्या एका बोटाने चाळीस किलोची बाई थोडीच पेलणार होती? पण पायांकडून जी खबर येत नव्हती ती कोपराकडून येत होती. अंधारात भिंतीला बोट लावून आपण जातो, तसं. पुढे आमच्या पुस्तकांतही हे आलं. मी मात्र ते चिडचिड करताना शिकले.

दिवजाआधी आबांनी देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. वैनी, मी, शेवंती, सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. उजवीच पडली. त्यामागचं शास्त्र मला विचारू नका. ओल्या पाकळीलाही तोल असतो, एवढं म्हणेन.

हे सगळं आज आठवायला कारण आहे. माझ्या अंगात साखर शिरून वीस-एक वर्षं झाली आणि आता माझ्या तळपायांची खबर वर पोचत नाही. सकाळी तोंड धुताना साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटते, आणि पोट बेसिनला टेकवून उभी राहते. नात म्हणते, "आजी, बेसिनला मिठी कशाला मारतेस?" मी म्हणते, प्रेमाने. तिचा बाप मला एका नव्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे एका पाटावर उभं करतात, समोर पडद्यावर आपला तोल ठिपका होऊन फिरतो. यंत्र चांगलं आहे. तिथली मुलगी हुशार आहे, माझ्या शेजारी हात पसरून उभी राहिली, लोकांकडे तोंड केलं नाही. डोळे मिटा म्हणाली. मी मिटले. आणि मला काय झालं कोण जाणे, शेणाचा वास आला. करवंटीचा आला. वाटलं, ओसरीवरून आता कुणीतरी म्हणेल, बार्ज इली. पडद्यावरचा ठिपका म्हणे सैरावैरा धावला.

इंदुवैनी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. नवऱ्याच्या आधी गेल्या, सवाष्ण. नवरा बार्जीवरून सुखरूप निवृत्त झाला आणि पुढे पुष्कळ जगला. ते खळं आता सिमेंटचं आहे. शेवंतीचा मधून मधून फोन येतो. "पडलस काय?" असं विचारते, ख्यालीखुशाली म्हणून. मी नाही म्हटलं की तिला थोडी निराशा होते. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी मी भिंतीला एक बोट लावून गॅलरीपर्यंत जाते. भिंत चांगली असते, पण भिंत बोलत नाही.

तर त्या दिवजाची संध्याकाळ. देवळाचे दिवे मालवले. बायकांची ओळ लागली, पाच-पाच ज्योती प्रत्येकीच्या हातात. इंदुवैनी मधोमध, त्यांच्यामागे शेवंती. मी ओळीच्या बाहेरून, त्यांच्या उजव्या अंगाला. एक बाई म्हणालीच, "बिनलग्नाचां चेडू हय कशाक?" आबा म्हणाले, "ओळीत खय असा? ओळीच्या भायर असा. चलू दे." मी एक बोट वैनींच्या कोपराला टेकवलं.

पहिल्या फेरीत त्या दोनदा डुलल्या. तेल कडेपर्यंत आलं आणि मागे गेलं. मागून शेवंती एक अक्षर बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. पायांखाली ओली माती, मध्येच फरशी, मध्येच मुळं. तिसऱ्या फेरीपासून त्यांची चाल लागली. पाचवी संपली आणि सगळ्या बायका देवीसमोर उभ्या राहिल्या.

आमचं ठरलं होतं: उभं राहायचं, बघायचं, मागे फिरायचं. डोळे मिटायचे नाहीत. हे मी दहादा बजावलं होतं. त्यांनी देवीकडे बघितलं, दिवज छातीशी धरलं, पाय जुळवले, आणि डोळे मिटले.

"डोळे उघडा," मी पुटपुटले. "वैनी, डोळे उघडा."

उघडले नाहीत. पाचही ज्योती एका बाजूला कलल्या. माझं बोट घामाने निसटायला लागलं. दुसरा हात पुढे करावा तर सगळं गाव बघतंय, आणि मग पुन्हा तेच, देवी आली, नारळ आणा. मी बोट तेवढं दाबून ठेवलं. ज्योती हळूहळू सरळ झाल्या. दवाखान्यात त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या इतका वेळ त्या तशा उभ्या होत्या. ओठ हलत होते. नवऱ्याचं नाव घेत असाव्यात, मी ऐकलं नाही. वर्षभर त्या दिवज उचलायचं म्हणत होत्या, पण त्यांना खरं हवं होतं ते हे, देवीपुढे एकदा डोळे मिटून उभं राहणं. हे मला तिथे, अंधारात, बोट दुखायला लागल्यावर कळलं.

नंतर देवळाच्या पायरीवर त्या बसल्या, दिवज मांडीवर, वाती अजून जळत. मी त्यांच्या पायाशी बसले. घाम पुसला. आणि ती पंचविशीतली पोरगी, इतकं सगळं होऊनही, गप्प बसेल तर शपथ. मी छाती पुढे काढून म्हटलं, "बघितलंत वैनी? देवी नाही, भार नाही. माझं एक बोट पुरलं."

इंदुवैनींनी एक वात बोटाने सारखी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, तुझां शास्त्र तुझ्याकडे ठेव. डोळे मिटलंय तेव्हा कोपराक लागलां होतां तां बोट देवीचां. तुझां म्हणान सांगलंस तर मी आत्ता हयसरच पडतलंय."